घोडी सरांचं ऐकते, माझं नाही

नवी_स्वार, पुणे:
वय 36, आठ महिने झाले रायडिंग शिकतेय. आधीच्या ठिकाणी आम्ही सहा जण एका ओळीत असायचो. सर मधोमध उभे राहून "राइड, ट्रॉट मार्च" म्हणाले की सगळे घोडे दुडकी धरायचे. मला वाटायचं, जमलं आपल्याला. दीड महिन्यापूर्वी जागा बदलली. इथले सर आज्ञाच देत नाहीत, नुसती हाताने खूण करतात. घोडी रेसकोर्सवरून निवृत्त झालेली, तांबूस, काळ्या आयाळीची. मी टाच मारते, ती कान मागे टाकून उभी. आणि धावलीच, तर लगाम ओढल्यावर आणखी जोरात जाते! त्यात आधी अर्धा तास खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं, आणि खूर साफ करणं, तेही तासाच्या पैशांत. याला शिकवणं म्हणायचं का?

एनसीसी_जुना:
स्वार कच्चा आहे हे घोड्याला लगेच कळतं. दोन फटके द्या, सरळ होईल. आम्हाला असंच शिकवलं होतं.

पागेवरचा:
ताई, तुमचे सर गप्प राहतात, तिथूनच तुमचं शिकणं सुरू झालंय. मी लष्करात घोड्यांवर होतो, आता 22 वर्षं शिकवतोय. सुरुवातीला मीही ओरडूनच शिकवायचो. एकदा पावसाळ्यात घसा पार बसला. मी नुसता हात केला, तर ओळीतला एकही घोडा हलेना. दहा पोरं टाचा मारतायत आणि घोडे माझ्या तोंडाकडे बघतायत. त्या दिवशी लक्षात आलं, इतके दिवस घोडे मी चालवत होतो, पोरं नुसती वर बसलेली. तुमचे ते सहा घोडेही सरांच्या आवाजावरच धावत होते.

आता तुमच्या घोडीचं. रेसच्या घोड्याला लगाम ताणला की तोंड टेकून पुढे जायची सवय असते. जॉकी रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) आखूड ठेवून वर उचलून बसतो, त्यामुळे पोटाला पोटरी लागली तर काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं. घाबरून तुम्ही लगाम ओढता, तिला ते "पळ" असं ऐकू येतं. टाच मारता तेव्हाही बहुतेक हात आवळलेले असतील. टाच म्हणते चल, हात म्हणतो थांब. तिने कुणाचं ऐकायचं? म्हणून ती उभी राहते. कान मागे जातात ते गोंधळून, वैतागून.

हे करून बघा. आधी मान वर, नजर जिथे जायचं तिकडे. श्वास सोडा, हात सैल. मग पोटरी हलकेच लावा. माशी बसली तर जिची कातडी तेवढ्याच जागी थरथरते, तिला तुमची पोटरी नक्की कळते. तिने अर्धं पाऊल जरी टाकलं, तरी त्याच क्षणी पोटरी सोडा. घोड्याला बक्षीस मिळतं ते दाब सुटण्यात. आपण उशिरा सोडतो, किंवा सोडतच नाही, आणि मग म्हणतो घोडा निबर आहे. थांबवतानाही तसंच: पाठ ताठ, पोट आवळून बसा, बोटं मिटा, ती मंदावली की लगेच उघडा.

चालीत असताना डोळे मिटून मोठ्याने सांगत जा, मागचा कुठला पाय पुढे येतोय. तुमच्या बैठकीची डावी बाजू खाली जाते तेव्हा मागचा डावा पाय येत असतो. माझे विद्यार्थी पहिल्या दिवशी निम्म्या वेळा चुकतात, महिन्याभरात चुकत नाहीत. ते कळायला लागलं की पोटरी कधी लावायची हे मला सांगावं लागत नाही.

जुना, राग मानू नका. फटक्याने घोडा पुढे जातो, मान्य. पण तो फटक्यापासून पळत असतो, आणि पाठीवरच्या माणसाने त्याला काहीच सांगितलेलं नसतं. चाबूक मीही ठेवतो, पोटरीच्या मागे टेकवण्यापुरता.

खराऱ्याचे पैसे वाया जात नाहीत. कुठे हात लावला की ती मान लांब करते, कुठे दचकते, हे तिथेच कळतं. अशी दचकणारी पाठ मला एकदा खराऱ्यातच सापडली होती. खोगीर टोचत होतं. त्या घोड्याला आम्ही महिनाभर हट्टी म्हणत होतो. अजून वाईट वाटतं.

अश्वपाल_माथेरान:
काकांचं पटलं, पण आमच्याकडचं वेगळं. दस्तुरीवरून, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यावरून, दिवसात चार-पाच माणसं बसतात, प्रत्येकाचं वजन वेगळं, भीती वेगळी. घोडा त्यांच्याशी नातं जोडत नाही. तो माझ्याशी जोडलेला असतो, मी बाजूने चालतो म्हणून. पावसात लाल मातीवर पाय सरकायला लागला की तो आधी माझ्याकडे कान फिरवतो. मी घाबरलो नाही तर तो घाबरत नाही. एवढंच म्हणणं, की तास संपल्यावर घोडीकडे पाठ फिरवून निघून जाऊ नका. पाणी तुम्ही पाजा.

पागेवरचा:
दादा, खरं आहे तुमचं. हे मी लिहायला हवं होतं.

नवी_स्वार, पुणे:
आज केलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा हात सैल सोडून नुसता श्वास सोडला, आणि पोटरी लावायच्या आत ती चालायला लागली! मला रडूच आलं. सर लांबून बघत होते, काही बोलले नाहीत. एक विचारायचं राहिलं. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती चावायला वळते. तेही माझंच चुकतंय का?

पागेवरचा:
एकदम आवळत असाल. आधी एकच भोक, मग दोन पावलं चालवा, मग दुसरं. बसण्याआधी पुन्हा बघा, पोट फुगवून धरलेलं असतं. तरीही वळली तर खोगिराखाली हात घालून बघा आणि सरांना दाखवा. उद्याच.