वाँटनच्या तयार पाऱ्या उरल्या आहेत, काय करावे?

प्रश्न: न्यू जर्सीतील आशियाई किराणा दुकानातून सूपासाठी आणलेल्या वाँटनच्या (सारण भरलेल्या चिनी पुरचुंड्यांच्या) मैद्याच्या चौकोनी पाऱ्यांपैकी सुमारे ३० उरल्या आहेत. त्यांच्या करंज्या तळून पाहिल्या, पण त्या कडेने उघडल्या आणि सारण तेलात सांडले. काय चुकले असावे?

प्रतिसाद १: पाऱ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांवर कॉर्नस्टार्च भुरभुरलेला असतो, त्यामुळे कडेला पाण्याचे बोट फिरवून, आतली हवा बाहेर काढत कडा घट्ट दाबाव्यात आणि सारण लहान चमचाभरच घ्यावे. बाकीच्या पाऱ्या तोवर ओलसर फडक्याखाली ठेवाव्यात. मात्र मोहन नसल्याने करंजीचा खुसखुशीतपणा काही येणार नाही.

प्रतिसाद २: मी करंजीच्या वाटेला जातच नाही. मफिनच्या साच्यात तेल लावलेल्या पाऱ्या बसवून १८० अंश सेल्सिअसला ८ ते १० मिनिटे भाजल्या की कटोरी चाटसाठी सुबक वाट्या होतात. दही मात्र वाढतानाच घालावे, अन्यथा त्या लगेच मऊ पडतात.

प्रतिसाद ३: पाकिटावरील घटक अवश्य वाचावेत, कारण अनेक वाँटन पाऱ्यांत अंडे असते.

प्रश्नकर्ती: अंडे आहे खरे! करंज्या नैवेद्याला ठेवणार होते; आता वाट्याच करते.