ब्लेंडेड स्कॉच : घरात कायम एकच बाटली ठेवायची तर कोणती?

निशिगंध :

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं महिन्यातून दोन-तीनदा संध्याकाळी निवांत बसतो. एकेक पेग, फार तर दीड. नवऱ्याला सोडा आणि बर्फ लागतो, मला थोडं पाणी पुरतं. इतकी वर्षं घरात रेड लेबल असायची आणि आमची काही तक्रारही नव्हती. मागच्या वर्षी शिवास रीगल १२ भेट म्हणून आली, आणि घोट उतरल्यावरही चव तोंडात रेंगाळते म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. ती संपल्यावर उत्साहाच्या भरात मी एक बरीच महाग ब्लेंड घेतली. जड खोका, आत मखमल, लेबलावर वर्षांचा आकडा मात्र नाही. वाईट नाही ती, पण शिवासमध्ये जे मिळालं होतं ते तिच्यात सापडत नाही, आणि पैसे जवळजवळ तिप्पट गेले.

तर असं विचारायचं आहे की सोडा आणि पाणी दोन्हींत चालेल अशी पैसा वसूल ब्लेंड कोणती? १२ वर्षांवरून १८ वर जाण्यात खरंच तेवढं मिळतं का? एका मैत्रिणीकडे टीचर्स घेतली होती, तिच्या शेवटी विझलेल्या शेकोटीसारखा वास येतो, तो मला आवडला. आणि ओळखीतले दोघं-तिघं म्हणतात की ब्लेंड सोड्यात घालायला ठीक, खरी चव सिंगल माल्टचीच. हे पटत नाही, पण खोडून काढण्याइतकं ज्ञान नाही.

जुनं_पिंप :

निशिगंधताई, तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात.

'ब्लेंड म्हणजे भेसळ' हा समज शंभर वर्षांहून जुना आहे. त्यावरून ब्रिटनमध्ये कोर्टकज्जे झाले, शेवटी शाही आयोग बसला आणि १९०९ मध्ये त्याने सांगितलं की ग्रेन व्हिस्की हीसुद्धा व्हिस्कीच आणि माल्टबरोबर तिचं मिश्रण, म्हणजे ब्लेंड, तीही व्हिस्कीच. माल्ट म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची, तांब्याच्या भट्टीत घाण्या-घाण्याने काढलेली; ती एकाच डिस्टिलरीची असेल तर सिंगल माल्ट. ग्रेन म्हणजे गहू किंवा मक्याची, सोबत थोडी मोडाची बार्ली, उंच खांबासारख्या भट्टीत अखंड चालणारी. ती भट्टी अबकारी खात्यात नोकरी केलेल्या इनियस कॉफीने १८३० मध्ये पेटंट केली. पुढे १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधी, गोदामातच माल्ट आणि ग्रेन एकत्र करायची मुभा मिळाली, आणि एडिंबराच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनी त्याचं सोनं केलं.

ग्रेनबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ब्लेंडमध्ये सहसा अर्ध्याहून जास्त ग्रेनच असते. सगळे विचारतात, 'माल्ट कोणतं?' मला विचाराल तर बरी ब्लेंड आणि फालतू ब्लेंड यांतला फरक आधी ग्रेनमध्ये कळतो. ग्रेन कोवळी असेल तर पहिल्या घोटाला जीभ झोंबते, नाकात स्पिरिटचा वास चढतो, आणि मग सोडा ओतल्याशिवाय गत्यंतर नसतं. तीच ग्रेन दहा-बारा वर्षं चांगल्या पिंपात राहिली की मऊ होते, व्हॅनिला आणि खोबऱ्यासारखा गोडवा धरते. फाइफमधली कॅमेरॉनब्रिज, एडिंबरातली नॉर्थ ब्रिटिश, विल्यम ग्रँट अँड सन्स कंपनीने १९६३ मध्ये उभारलेली गर्व्हन, या डिस्टिलऱ्यांची नावं लेबलावर क्वचितच दिसतात, पण तुम्ही प्यायलेल्या अनेक ब्लेंडचा पाया तिथलाच असतो. शिवास १२ तुम्हाला आवडली त्यात कीथ गावच्या स्ट्रॅथआयला माल्टचा वाटा आहेच, पण तिच्यातली ग्रेनही बारा वर्षांची आहे, हे विसरू नका.

कारण लेबलावरचा आकडा सगळ्यात कोवळ्या थेंबाचा असतो. ब्लेंडवर १२ लिहिलं असेल तर माल्ट असो वा ग्रेन, प्रत्येक थेंब किमान १२ वर्षं ओकच्या पिंपात राहिलेला असतो. आकडाच नसेल तर कायद्याची हमी फक्त ३ वर्षांची. आकडा नाही म्हणून व्हिस्की वाईट असं मी म्हणणार नाही, आकडा नसलेल्या उत्तम ब्लेंड आहेत. मात्र त्या वेळी तुम्ही कंपनीच्या शब्दावर पैसे देता, हे ठाऊक असावं. रंगावर तर अजिबात जाऊ नका. स्कॉचमध्ये साधं कॅरॅमल रंगासाठी घालायला परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, हे डोळ्यांचं मत, जिभेचं नाही.

आता १२ विरुद्ध १८. पिंपातून दर वर्षी साधारण २ टक्के उडून जातं, असं धरून चला. १०० लिटर भरले तर १२ वर्षांनी ७८ च्या आसपास उरतात, १८ वर्षांनी ७० च्या आसपास. म्हणजे नुसत्या उडण्याचा हिशोब केला तर १८ ची बाटली १२ पेक्षा साधारण तेरा टक्क्यांनी महाग व्हायला हवी. सहा वर्षं अडकलेलं भांडवल आणि गोदामाची जागा धरा, आणखी वाढेल. पण किंमत अडीचपट-तिप्पट होते तेव्हा उरलेले पैसे दुर्मिळतेचे, नावाचे आणि खोक्याचे असतात. शिवास १८ फार सुंदर आहे, मी मनापासून सांगतो. सणासारखी वर्षातून एकदा घ्या. कायमच्या बाटलीसाठी नाही.

आमच्या गटात दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी डोळे झाकून चाचणी केली होती. ग्लास एकसारखे, बुडाला चिकटपट्टीवर नंबर. ओतायचं काम माझ्या मेहुण्याकडे, कारण तो पीत नाही. टीचर्स, ब्लॅक लेबल, शिवास १२ आणि एक तुमच्यासारखीच मखमलीतली. आधी नुसती, मग पाणी घालून, मग वीस मिनिटं तशीच ठेवून. नुसती असताना मखमलवाली पहिली आली, पाचातल्या तिघांनी तिलाच मत दिलं. पाणी पडल्यावर ब्लॅक लेबल पुढे गेली. वीस मिनिटांनी मखमलवाली पार निवून गेली आणि टीचर्स, जी चौघींत सगळ्यात स्वस्त होती, ती दुसरी आली. त्या रात्रीपासून मी बाटली पाणी घालून जोखतो. पाण्यात जी टिकते तिच्या पोटात काहीतरी असतं.

तुमच्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे : जॉनी वॉकर ब्लॅक लेबल. हे नाव १९०९ पासूनचं. १२ वर्षांचं वय लेबलावर आहे, स्कॉटलंडमधल्या आयला बेटाच्या माल्टचा धूर आहे पण तो दाटत नाही, आणि सोड्यातही तिची ओळख पुसली जात नाही. हात आखडता घ्यायचा असेल तर टीचर्स हायलँड क्रीम. तुम्ही म्हणता तो विझलेल्या शेकोटीचा वास आर्डमोर डिस्टिलरीच्या माल्टचा. ती टीचर कुटुंबाने १८९८ मध्ये अ‍ॅबरडीनशरमध्ये खास आपल्या ब्लेंडसाठी काढली आणि तिथलं माल्ट पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेलं असतं.

मधाळ :

पिंपकाका, चाचणीचं वर्णन आवडलं, पण ब्लॅक लेबलला सरसकट पहिला नंबर द्यायला मी तयार नाही. धूर ज्यांना नको त्यांना ती जड होते. ताईंना शिवास आवडली, म्हणजे कल गोडव्याकडे आहे. ताई, ड्यूअर्स १२ घेऊन बघा. तिचं मुख्य माल्ट अ‍ॅबरफेल्डीचं. ती डिस्टिलरी ड्यूअर बंधूंनी बांधली, १८९८ मध्ये सुरू झाली आणि मधासारख्या चवीसाठीच ओळखली जाते. ब्लेंड केल्यावर ते ती पुन्हा पिंपात ठेवतात, सगळं नीट मुरावं म्हणून. पाण्यात काठ अजिबात बोचत नाहीत.

रोजच्यासाठी म्हणाल तर बॅलंटाइन्स फायनेस्ट माझ्याकडे कायम असते. आकडा नाही, तरी स्वच्छ, सफरचंदासारखी, सोड्यात उत्तम. फेमस ग्राऊसही वाईट नाही, जरा जास्त धान्याळ वाटते एवढंच.

जुनं_पिंप :

मधाळ, ड्यूअर्स १२ ला माझा पूर्ण पाठिंबा. नवऱ्याचा सोडा नसता तर मी तीच पहिली सांगितली असती. सोड्यात ती मला पातळ वाटते, ब्लॅक लेबल वाटत नाही. बॅलंटाइन्सबद्दल मात्र आपलं कधीच जमणार नाही, ती मला पाण्यात विरघळून गेल्यासारखी लागते.

निशिगंध :

दोघांनाही खूप धन्यवाद. कॅरॅमलचं वाचून बाटली हातात घेऊन बघितली, मी खरंच रंगावर भाळले होते. आणखी एक विचारते. दुकानात मंकी शोल्डर आणि ग्रीन लेबल यांवर 'ब्लेंडेड माल्ट' लिहिलेलं दिसलं. ही ब्लेंडच ना? मग वेगळं नाव का? आणि लेबलावर ४० आणि ४३ टक्के असा फरक असतो, त्याने काही बिघडतं का?

जुनं_पिंप :

ब्लेंडेड माल्टमध्ये ग्रेन नसते. अनेक डिस्टिलऱ्यांची सिंगल माल्ट एकत्र केलेली असतात. २००९ च्या नियमांत स्कॉचचे पाच प्रकार ठरवून दिले आहेत, त्यातला हा एक. मंकी शोल्डरवर वयाचा आकडा नाही, गोडसर आहे, बर्फाबरोबर छान. नाव मात्र कष्टाचं आहे. फरशीवर पसरलेली बार्ली दिवसभर फावड्याने उलटून उलटून कामगारांचा खांदा धरायचा, हात लोंबल्यासारखा व्हायचा, त्या दुखण्याला हे म्हणत. मला ती बाटली हातात घेतली की ते खांदे आठवतात.

जॉनी वॉकरचीच ग्रीन लेबल म्हणजे माझा हळवा कोपरा. १५ वर्षांची, ४३ टक्के, आणि कंपनी स्वतः चार माल्टांची नावं घेते : टॅलिस्कर, लिंकवूड, क्रॅगनमोर, काओल इला. मधे काही वर्षं ती बहुतेक बाजारांतून काढून घेतली होती, २०१६ मध्ये परत आली. तेव्हा मी दोन बाटल्या एकदम घेतल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. १५ वर्षांचं एकट्या डिस्टिलरीचं माल्ट घ्यायला गेलात तर बहुधा याहून जास्त मोजावे लागतील. १२ वरून वर चढायचंच असेल तर १८ च्या आधी ही पायरी घ्या.

४० आणि ४३ चा हिशोब सोपा आहे. ७०० मिलीची ४३ टक्क्यांची बाटली पाणी घालून ४० वर आणली तर साधारण ७५० मिली भरते. म्हणजे जवळजवळ एक मोठा पेग जास्त. शिवाय पाणी किती घालायचं ते तुमच्या हातात राहतं. स्कॉचला ४० ही कायद्याची खालची मर्यादा आहे, त्यामुळे भाव सारखा असेल तर ४३ उचला.

बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर इतक्या कडक दारूत बूच कुजतं. आणि अर्ध्याखाली गेली की दोन-तीन महिन्यांत संपवा, हवेने चव उतरते. मखमलीतलीही तशीच राहून जाऊ देऊ नका. तिच्यात पाच-सहा थेंबच पाणी घाला, पेगभर नको.

निशिगंध :

काल ब्लॅक लेबल आणि ड्यूअर्स १२ दोन्हींच्या लहान बाटल्या आणल्या. ग्लासच्या बुडाला चिकटपट्टी लावून, नंबर मुलीने टाकून, आम्ही दोघांनी बघितलं. सोड्यात नवऱ्याने ब्लॅक लेबल लगेच ओळखली. पाण्यात मी आधी ड्यूअर्सला मत दिलं. दहा मिनिटांनी परत घोट घेतला तेव्हा ब्लॅक लेबलमधला तो शेकोटीचा वास वर आला होता, आणि मी नंबर बदलला. आज मोठी बाटली तिची आणली आहे. मखमलवालीतही सांगितल्याप्रमाणे थेंब-थेंब पाणी घालून बघितलं. तिसऱ्या थेंबाला सुकवलेल्या अंजिरासारखं काहीतरी आलं, जे आधी कधीच जाणवलं नव्हतं.

मधाळ :

ताई, ड्यूअर्सची लहान बाटली फेकू नका. तिलाही दहा मिनिटं द्या, मग सांगा.