फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतील डू लूपच्या आत क्रमांक बदलता येत नाही, मग फेऱ्या गाळाव्यात कशा?

प्रश्न: माझ्याकडे ३० दिवसांच्या तासागणिक तापमानाच्या ७२० नोंदी असून, जिथे यंत्र बंद होते तिथे उणे ९९९ हा आकडा आहे. असा आकडा दिसताच तो संपूर्ण दिवस वगळावा म्हणून मी डू लूपमध्ये (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेत) नोंदीचा क्रमांक धरणारे आय हे चल पुढे ढकलले. परंतु कंपायलर (प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणारे साधन) ते स्वीकारत नाही. सी भाषेत हे सहज चालत असे.

उत्तर १: फोरट्रान ७७ पासून नियम असा आहे की फेऱ्यांची संख्या लूपमध्ये शिरण्यापूर्वीच ठरते: आयच्या अंतिम किमतीतून आरंभीची वजा करायची, त्यात पायरी (दर फेरीत होणारी वाढ) मिळवायची, पायरीने भागायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि उत्तर ऋण आल्यास शून्य धरायचे. त्यामुळे आय बदलण्यास मनाई आहे आणि आत एन (अंतिम किंमत धरणारे चल) बदलला तरी फेऱ्या तेवढ्याच होतात. डू व्हाइल (अट खरी असेपर्यंत चालणारा लूप) वापरून क्रमांक स्वतः वाढवता येईल, पण वाढवण्याची ओळ सायकलच्या (चालू फेरी सोडून पुढची सुरू करणाऱ्या आदेशाच्या) खाली राहिली तर प्रोग्रॅम एकाच नोंदीवर अडकून बसतो.

उत्तर २: मी डू व्हाइलच्या वाटेला जाणार नाही. बाहेर ३० दिवसांचा आणि आत २४ तासांचा असे दोन लूप लिहा आणि बाहेरच्याला 'दिनक्रम' असे काही नाव द्या (प्रत्यक्षात ते रोमन लिपीतच लिहावे लागेल). वाईट नोंद आली की नुसते सायकल न लिहिता त्यापुढे हे नाव लिहा, म्हणजे थेट पुढचा दिवस सुरू होईल. नाव विसरलात तर केवळ तो एक तास गळेल. मात्र वाईट नोंद दुपारी आली तर सकाळचे आकडे आधीच बेरजेत गेलेले असतात, म्हणून दिवसाची बेरीज वेगळ्या चलात ठेवावी, दर दिवशी ते शून्य करावे आणि आतला लूप पूर्ण झाल्यावरच महिन्याच्या बेरजेत मिळवावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, दिवस व्यवस्थित गळत आहेत. सरासरी मात्र कमी येते. भाजक म्हणून मी लूप संपल्यानंतरचे दिवसाचे चल घेऊन त्याला २४ ने गुणले आहे.

उत्तर २: लूप पूर्ण झाल्यावर त्या चलात ३० नव्हे, ३१ असतात. शिवाय गाळलेले दिवसही त्यात मोजले जातात. महिन्याच्या बेरजेच्या ओळीखालीच दिवस मोजणारा एक गणक दर वेळी एकाने वाढवा आणि भाजकासाठी दिवसाच्या चलाऐवजी त्यालाच २४ ने गुणा.