१९४३ ची जीएमसी सीसीकेडब्ल्यू: व्हील सिलेंडर आणि हबचं सील मिळेना

जुनी_चाकं: मंडळी मदत हवीये. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी लष्करी ट्रक आहे, अडीच टनी सिक्स बाय सिक्स (सहाही चाकांना ड्राइव्ह), इंजिन मस्त चालतंय पण गेले सहा महिने ब्रेकपाशीच अडकलोय. मागच्या चाकांतल्या ब्रेकच्या चार सिलेंडरपैकी तीन गेलेत, आत बोट फिरवलं की खड्डे नखाला लागतात, होनिंग (दगडाने आतून घासणं) करून बघितलं पण जाईनात. ऑनलाइन एक मागवला, फोटोत डिट्टो, हातात आल्यावर बोल्टची भोकंच जुळेनात. हबचं सील चामड्याचं आहे, ते पार वाळून गेलंय. त्यात डावीकडचं चाक काढताना पाइप लावून जोर केला आणि एक स्टड (चाकाचा बोल्ट) तोडून बसलो, ते वेगळंच.

लेथवाला: जुने सिलेंडर फेकले नाहीत ना? फेकू नका. बोअर (आतलं भोक) मोठा करून आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (पातळ नळी) दाबून बसवा आणि परत मूळ मापाला आणा, म्हणजे रबर कप स्टँडर्ड साइझचाच चालतो. नुसतं होनिंग करत राहिलात तर बोअर वाढतो आणि कप गळतो. आता मी स्वतः खाल्लेली ठोकर सांगतो, स्लीव्ह बसली की ऑइल आत येण्याचं भोक त्यातून परत पाडावं लागतं, मी पाडलं पण आतली धार मारायची राहिली आणि पहिल्यांदा जोडतानाच कप चिरला, दुसरा दिवस अख्खा त्यात गेला. आणि जोडताना ब्रेक ऑइलच लावा, ग्रीस नको, रबर फुगतं.

स्टडचं म्हणाल तर डावीकडच्या चाकांना उलटे आटे असतात हो दादा :) टोकावर एल (लेफ्टचा) दिसतो का बघा.

सुटे_भाग: आधी अ‍ॅक्सल कुठला ते सांगा, बँजो (अखंड हाउसिंगचा) की स्प्लिट (दोन भाग जोडलेला)? या गाड्या पाच लाखांच्या वर बनल्या आणि दोन्ही लागले, डिफरन्शियल, शाफ्ट वगैरे एकाचं दुसऱ्याला बसत नाही. जी-५०८ (या गाडीचा लष्करी कॅटलॉग नंबर) ची पार्ट लिस्ट मिळवा आणि नंबरावरून शोधा, विकणाऱ्याच्या फोटोवर अजिबात जाऊ नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, टिमकेनचे बरेचसे नंबर आजही बनतात. सील मात्र मापाने घ्या: शाफ्टचा व्यास, हाउसिंगचा आतला व्यास आणि जाडी, रबर ओठाचं आरामात बसतं. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडली असेल तर त्यावर पातळ स्लीव्ह चढवा, नाहीतर नवीन सील पण गळणारच.

बोल्ट बदलताना जपून, ५/१६ इंची भोकात ८ एमएमचा बोल्ट दोनतीन आटे गोड जातो आणि मग अडकतो, तिथे जोर केला की आटे गेले.

गंजमित्र: सगळं नवीन करताच आहात तर सिलिकॉनचं डॉट ५ ब्रेक ऑइल भरा, पाणी ओढत नाही, उभ्या गाडीला बरं.

लेथवाला: बरं आहे, पण डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. पाइप धुवून, रबर सगळं नवीन घालूनच. अर्धवट करायचं असेल तर राहू दे.

जुनी_चाकं: आत्ता गाडीखाली जाऊन आलो, हाउसिंगचे दोन अर्धे भाग मधोमध बोल्टने जोडलेले आहेत म्हणजे स्प्लिट. आणि हो, तुटक्या स्टडवर एल आहे, स्वच्छ. लाज वाटली. तिन्ही सिलेंडर उद्या लेथवर नेतो.