पाच वर्षांच्या पोरीला ‘छावा’, आणि वर अभिमान?

तिरपी रेघ
परवा इथेच एका गृहस्थांनी लिहिलं की त्यांनी पाच वर्षांच्या लेकीला संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ सिनेमा दाखवला, शेवटी ती हमसून हमसून रडली आणि ते बघून त्यांचा ऊर भरून आला. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. कोणीतरी भीत भीत विचारलं की सिनेमा १६+ आहे ना, तर उत्तर आलं, ‘ज्यांना लाज वाटते त्यांनी पोरांना कार्टूनं दाखवावीत.’ तिथे उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, पाच वर्षांचं लेकरू कशानं रडलं असेल? नखं उपटताना, जखमांवर मीठ चोळताना, डोळ्यांत तापल्या सळया घालताना बघून रडलं. भीतीनं रडलं. त्याला तुम्ही स्वराज्यावरचं प्रेम म्हणताय. ‘बुधभूषण’ लिहिणारा, संस्कृत जाणणारा राजा त्या पोरीला कळला का? तिला एवढंच कळलं की माणसं माणसाला असं करू शकतात. हे कळायला अजून थोडी वर्षं थांबलं असतं तर बिघडलं नसतं.

सिनेमावर माझा राग नाही. पाहिला, आवडला, शेवटी मीही रडले. पण सेन्सॉरने यूए १६+ दिलंय. हातात ७+ होतं, १३+ होतं, तरी १६+ दिलं. काही विचार करूनच दिलं असेल ना? राग आहे तो ‘तिकीट मिळालं ना, मग झालं’ या वृत्तीवर. इतिहास सांगायचं काम आपलं. ते दोन तास एक्केचाळीस मिनिटांत पडद्यावर सोपवून मोकळं व्हायचं आणि वर पोरांना संस्कार दिले म्हणून मिरवायचं.

बुरुजावरचा
ताई, चौथीच्या पुस्तकात अफजलखानाचा कोथळा आहे. तिथे कुठे १६+ छापलंय? पिढ्यान् पिढ्या नऊ वर्षांची पोरं तो धडा वाचतात आणि दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात. कोणाला मानसोपचाराची गरज पडलेली ऐकली नाही.

मी साताऱ्याचा. माझी दोन्ही पोरं चालायला लागल्यापासून गडावर येतात. तुळापूर, वढू दोन्ही ठिकाणी नेलंय त्यांना. ११ मार्च १६८९ ला काय झालं ते थोरल्याला सिनेमाच्या आधीपासून पाठ आहे. आठ वर्षांचा आहे. नेला मी त्याला. आणि हो, अभिमान वाटला. मोबाइलवर दिवसभर ढिशांव ढिशांव चालतं तेव्हा या धाग्यावरचे सगळे कुठे असतात?

तिरपी रेघ
पुस्तक नको झालं की मिटता येतं. आई सांगत असेल तर पोराचं तोंड बघून आवाज खाली आणते. थिएटरात चारही बाजूंनी किंकाळ्या आणि अंधार. दोन्ही एकच म्हणत असाल तर बोलणंच खुंटलं. तुमच्या थोरल्याला आधीपासून गोष्ट माहीत होती. त्या पाच वर्षांच्या मुलीला कोण सांगणार होतं?

शून्य प्रहर
भावना बाजूला ठेवून कायदा बघू. १९५२ च्या सिनेमा कायद्यात आधी यू (सगळ्यांसाठी) आणि ए (फक्त प्रौढांसाठी) एवढेच मुख्य प्रकार होते. यूए आलं १९८३ ला, बारा वर्षांखालच्यांसाठी पालकांनी बघून घ्यावं म्हणून. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७+, १३+, १६+ असे तीन तुकडे केले. दुरुस्तीत स्पष्ट आहे की हे आकडे पालकांच्या विचारासाठी आहेत, पालकांखेरीज कोणी त्यांची सक्ती करू शकत नाही. म्हणजे दारावरच्या माणसाने १६+ ला तुमचं पोर अडवलं तर तोच चुकला.

‘ए’ची गोष्ट निराळी. अठराखालच्याला आत सोडलं तर दाखवणाऱ्यावर कायद्याने कारवाई होऊ शकते. तेव्हा १६+ आणि ए यांची खिचडी करू नये. धागाकर्तीने तेवढं वाचून लिहिलं असतं तर अर्धा धागा वाचला असता.

तिरपी रेघ
मी कुठे म्हटलं दारावर अडवा? कायद्याने विश्वास आईबापांवर टाकलाय आणि आईबाप म्हणतात, कायद्याने अडवलं नाही ना! माझी तक्रारच ही आहे. टोमणा पोचला, धन्यवाद.

टिकिटबारी
सांगलीकडे एका जुन्या सिंगल स्क्रीनला बरीच वर्षं डोअरकीपर होतो, मग मॅनेजर झालो. कायदा वाचायला छान आहे. ‘ए’ सिनेमाला रात्री शेवटच्या खेळाला कुटुंब येणार, कडेवर पोर. मी म्हणणार, साहेब, ए आहे. ते म्हणणार, ‘झोपलंय ते, त्याला काय कळतंय?’ पोराचे डोळे टक्क उघडे! मग आवाज चढणार, मग नगरसेवकाला फोन. दारावरच्या पोराला पगार किती, तो कोणाकोणाशी भांडणार? एकदा मी अडवलं तर गृहस्थांनी बायकोला आणि पोराला बाहेर स्कूटरपाशी बसवलं आणि स्वतः आत जाऊन सिनेमा बघून आले. तेव्हापासून मी अडवणं जरा हळूच करायचो.

माईंची लेक
हे वाचून हसावं का रडावं कळेना. त्या बाईच्या जागी मी आहे असं समजा. डोंबिवलीत दोघंही नोकरीला, सासूबाई गावी, पाळणाघर रविवारी बंद. बाळ झाल्यापासून थिएटरचं तोंड बघितलं नव्हतं. दीड वर्षाच्या लेकीला मांडीवर घेऊन गेलो. कान झाकले, आवाज वाढला की मी बाहेर. अर्धा सिनेमा जिन्यात ऐकला. हौस म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. ‘घरी ठेवा’ म्हणणाऱ्यांनी कोणाकडे ठेवायचं तेही सांगावं.

शिट्टी
नाही बघायचा मग सिनेमा. दोन महिन्यांनी ओटीटीवर येतोच. तुम्ही जिन्यात गेलात, तुमचे उपकार. माझ्या मागच्या रांगेतलं बाळ मध्यंतरापासून शेवटपर्यंत टाहो फोडत होतं आणि बाप व्हिडिओ काढत होता. काढून झाल्यावर टाकला असेल कुठेतरी, ‘बघा आमचा छोटा मावळा’ म्हणून. साडेतीनशेचं तिकीट मीही काढलं होतं.

माईंची लेक
व्हिडिओ काढणाऱ्याचा राग माझ्यावर का? पोरं नसलेल्यांना सगळंच सोपं दिसतं.

शिट्टी
आली का ही ओळ! वाटच बघत होतो. पोरं नाहीत म्हणून मला कान पण नाहीत का?

संपादक
यापुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांच्या घरात शिरू नये.

पोटोबा
पोरं नेली की इंटरव्हलला जी लूट होते त्यावर कोणी बोलणार का? तीन वर्षांच्या वर पूर्ण तिकीट. बरं, ते दिलं. आत पोराला भूक लागली तर पॉपकॉर्नचा टब तिकिटापेक्षा महाग. पिशवीत पोळीचा रोल होता तो दारावर काढून घेतला. पोळीचा रोल! त्यात काय बॉम्ब होता?

शून्य प्रहर
३ जानेवारी २०२३. सर्वोच्च न्यायालय. थिएटर खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं बंद करू शकतात. पण पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईबापांनी आणलं तर अडवायचं नाही. सरन्यायाधीश म्हणाले होते की कोणी जिलब्या आणल्या आणि हात खुर्चीला पुसले तर साफसफाई कोण करणार. तुमचा रोल तान्ह्या बाळाचा होता का?

पोटोबा
पोर सहा वर्षांचं. आणि पोळीने खुर्ची चिकट होत नाही, चीज नाचोजने होते. ते मात्र तेच विकतात.

टिकिटबारी
आता खरं ऐका. पहिल्या आठवड्यात तिकिटाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा वितरक नेतो. उरलेल्यात वीज, एसी, पगार, भाडं. कँटीनचा पैसा मात्र सगळा घरचा. पॉपकॉर्न विकता यावा म्हणूनच सिनेमा लावतात म्हणा ना. आमच्याकडे इंटरव्हलला बटाटावडा मिळायचा, कागदावर, चटणी ओघळायची आणि खुर्च्यांवर डाग पडायचे. कोणी कोर्टात गेलं नाही. आता ते थिएटर बंद आहे.

पोटोबा
म्हणजे वितरकाचा वाटा मी पोराच्या पोटातून भरायचा. २०१८ ला मनसेने पुण्यात आवाज उठवला, विधिमंडळात मंत्री म्हणाले बाहेरचं खाणं चालेल, आणि मग सरकारनेच कोर्टात माघार घेतली. त्यानंतर डिसेंबर २०२४ ला जीएसटीवाल्यांनी कॅरमल पॉपकॉर्नवर अठरा टक्के सांगितले. खारा खाल्ला तर गरीब, गोड खाल्ला तर श्रीमंत.

शून्य प्रहर
अठरा टक्के तेव्हा पाकीटबंद कॅरमलला होते. थिएटरात सुटा मिळतो त्याला पाच टक्के. अर्धवट बातम्या पसरवू नका.

पोटोबा
पाच टक्के धरून सुद्धा टब तेवढ्यालाच. शाब्बास.

अर्धा कप
धागा पार भरकटायच्या आत मूळ मुद्द्यावर लिहिते. २०१६, सोलापूर, ‘सैराट’. सगळं घर गेलं होतं, सात वर्षांचा पुतण्याही. साधं यूए होतं, तेव्हा ७-१३-१६ काही नव्हतं. ‘झिंगाट’ला पोरगं खुर्चीवर उभं राहून नाचलं, लोक पडद्याकडे नाणी फेकत होते. आणि मग तो शेवट. ते रक्ताने माखलेल्या पावलांनी चालत जाणारं लेकरू. सगळं थिएटर गप्प. पुतण्या रडला नाही. कित्येक महिने मध्येच विचारायचा, त्या बाळाला कोणी घेतलं? जेवताना, अंघोळीला जाताना. माझ्या वहिनीने शेवटी सांगितलं, त्याच्या आजीने घेतलं. तेव्हा पुन्हा विचारायचा, ती आजी चांगली होती का?

आमच्याकडे कोणी त्याला संस्कार म्हटलं नाही, अत्याचार म्हणूनही कोणी बोंब मारली नाही. पण मला वाटतं, तलवारी न दाखवता जे दाखवतात ते पोरांना जास्त लागतं. आणि ते कुठल्याच आकड्यात बसत नाही.

बुरुजावरचा
बघा! सैराटला अख्खा महाराष्ट्र पोरांसकट गेला तेव्हा असा धागा निघाला नव्हता. महाराजांचा सिनेमा आला की लगेच बालमानसशास्त्र. गोव्यात सिनेमा करमुक्त केला. ते सगळे वेडे आणि तुम्हीच शहाण्या?

तिरपी रेघ
करमुक्तीचा आणि पाच वर्षांच्या पोरीचा काय संबंध? कर माफ झाला म्हणून १६ चे ५ होत नाहीत. आणि ‘महाराजांचा सिनेमा आला की’ हे वाक्य माझ्यावर फेकू नका. मी शाळेत शिकवते. संगमेश्वरला महाराज कसे पकडले गेले ते दर वर्षी सांगते आणि पोरं खडूसुद्धा पाडत नाहीत. सिनेमा आला त्या आठवड्यात तिसरीतल्या दोघांच्या आया विचारत आल्या की पोरगा रात्री दिवा बंद करू देत नाही, काय करू. दोघंही सिनेमाला गेले होते. तुमचा आठ वर्षांचा वाघ असेल. सगळे नसतात.

बुरुजावरचा
दोन पोरांवरून निष्कर्ष! माझ्या एका पोरावरून काढला की मात्र भावनिक. बरं, सोळा होईपर्यंत तळहाताच्या फोडासारखं जपतो. मग एकदम स्पर्धा परीक्षेच्या क्लासला सोडतो.

लेस्टरकर
रच्याकने (बाय द वे), इकडे ब्रिटनमध्ये ‘१५’ म्हणजे पंधराच. चौदा वर्षांचं पोर आईबापांसह आलं तरी परत पाठवतात, ओळखपत्र मागतात. ‘१२ए’ला मात्र मोठं माणूस बरोबर असेल तर लहानही चालतं, २००२ पासून. उलट अमेरिकेत ‘आर’ शिक्क्याच्या सिनेमाला आईबाप बरोबर असले की तान्हंसुद्धा आत. तिथल्या काही थिएटर-साखळ्या संध्याकाळी सहानंतर ‘आर’ला सहा वर्षांखालच्यांना घेत नाहीत, पण तो त्यांचा स्वतःचा नियम.

मला इकडची सक्ती फार आवडते असं नाही. आमची चौदाची भाची सुट्टीत आली होती, तिला दारातून परत आणताना जी वरात निघाली ती मीच जाणे. पण एक गोष्ट बरी आहे. आकड्याखाली कारण लिहिलेलं असतं: हिंसा किती, शिव्या किती, छळाची दृश्यं आहेत का. नुसता आकडा बघून बाप म्हणतो, ‘हं, सोळा तर सोळा.’

बुरुजावरचा
हे एक ठीक आहे. तिकीट काढताना ‘शेवटी छळाची लांब दृश्यं’ असं लिहिलं असतं तर धाकट्याला तरी आजोळी ठेवलं असतं. पण याचा अर्थ ताईंचं बरोबर होतं असा काढू नये.

तिरपी रेघ
धाकटा?? वर थोरल्याचंच लिहिलं होतं. धाकटा किती वर्षांचा?

बुरुजावरचा
हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

माईंची लेक
🙂 ताई, सोडा त्यांना आता. तुमचं पटलं असं नाही, पण त्या पाच वर्षांच्या मुलीच्या बापाने एकदा तिला विचारावं, कशाला रडलीस. मीही विचारलं असतं, माझी बोलत असती तर.

शिट्टी
लेस्टरकर, ते सहानंतरचं इकडे कोणी आणेल का? पोरांच्या आयांनो, मारायला धावू नका, सकाळचे सगळे खेळ तुमचे.

पोटोबा
शून्य प्रहर, ते पाणी फुकट द्यायला लागतं हे नक्की ना? मग आत नळ कुठे असतो? मी आजवर साठ रुपयांची बाटलीच घेत आलोय.

टिकिटबारी
मुतारीच्या बाजूच्या बोळात, कोपऱ्यात. वर दिवा नसतो. काउंटरवर विचाराल तर बाटलीकडेच बोट दाखवतील.