शिरेतून पोषण घेणाऱ्या बाळाचे यकृत कसे जपावे? सल्ला हवा आहे

बाळाची आत्या, राजारामपुरी : माझ्या वहिनीची प्रसूती तिसाव्या आठवड्यात झाली. बाळाच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाल्याने कोल्हापुरातील एका एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात, त्याला टीपीएन, म्हणजे शिरेवाटे पोषण सुरू आहे. ते लांबल्यास यकृतावर परिणाम होऊ शकतो, असे डॉक्टर म्हणाले. तो टाळण्यासाठी आम्ही घरच्यांनी काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

नवजात विभागातील परिचारिका : ताई, सर्वाधिक महत्त्व आईच्या दुधाला आहे. आतडे रिकामे राहिले की पित्ताचा प्रवाह मंदावतो आणि ते यकृतात साचू लागते; म्हणून सर्जनची परवानगी मिळताच नळीतून अगदी मिलीभर का होईना, दूध सुरू केले जाते. त्यासाठी वहिनींनी आतापासूनच दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढावे आणि चिकाचा थेंबही वाया घालवू नये. ‘बाळ पीत नाही, मग काढायचे कशाला?’ असे त्यांच्यासमोर कोणीही बोलू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुसरा धोका जंतुसंसर्गाचा आहे. सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, रक्तात जंतू गेले तर यकृताला मोठा फटका बसतो, त्यामुळे हात धुण्यात हयगय नको.

बालरोगतज्ज्ञ : वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. टीपीएनमधील स्निग्धांश कोणत्या तेलाचा आहे, हे अवश्य विचारा. तो केवळ सोयाबीन तेलाचा असेल तर त्यातील वनस्पतिजन्य स्टेरॉल पित्तप्रवाहाला बाधक ठरू शकतात, म्हणून दीर्घकाळ टीपीएन लागणार असल्यास अनेक ठिकाणी त्याची मात्रा कमी ठेवतात किंवा माशाचे तेल असलेले मिश्रण वापरतात. मात्र स्निग्धांश पूर्ण बंद करण्याचा आग्रह धरू नका. मेंदूच्या वाढीला तो लागतोच. रक्तातील डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतातून पित्तात जाणारे, साचल्यास कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) ठरावीक अंतराने तपासले जाते का, हेही विचारा. ते प्रति डेसिलिटर २ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास सहसा पित्त साचल्याचे मानतात, आणि ही कावीळ निळ्या दिव्याखाली ठेवून उतरत नाही. शी पांढुरकी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

बाळाची आत्या : मनापासून आभार. वहिनी कागलला माहेरी आहेत; तेथून दूध आणता येईल का? आमच्या आईला बाळगुटीही द्यावीशी वाटते.

नवजात विभागातील परिचारिका : बाळगुटी मुळीच देऊ नका. नवजात विभागातून मिळालेल्या निर्जंतुक डब्यात दूध काढून, त्यावर नाव, तारीख व वेळ लिहून, बर्फाच्या पेटीतून आणावे आणि थेट परिचारिकेच्या हाती द्यावे.