‘यू मे हॅव टू कम ऑन सॅटरडे’ ही सूचना की हुकूम?

हिंजवडीचा_हमाल
शुक्रवारी दुपारी साहेबांची मेल आली, ‘यू मे हॅव टू कम ऑन सॅटरडे’. निम्म्या टीमने अर्थ काढला, बघू, नाही गेलं तरी चालेल. बाकीचे मुकाट्याने आले. सोमवारी न आलेल्यांची चांगलीच खरडपट्टी निघाली. माझ्या मते ‘मे हॅव टू’ ही शुद्ध पळवाट आहे. बोलवायचंय तर ‘यू हॅव टू’ लिहा, नाहीतर लिहूच नका. क्लासमध्येही हे शिकवू नये. मुलांना ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘हॅव टू’ नीट आलं तरी पुष्कळ झालं.

नारायणपेठी_मास्तर
अहो, साहेबांचा राग व्याकरणावर कशाला काढताय? ‘मे’ म्हणजे अजून पक्कं नाही. ‘हॅव टू’ म्हणजे ठरलं तर सुटका नाही. ‘यू मे कम’ असतं तर तुमच्या मर्जीची गोष्ट होती. निम्म्या टीमने ‘मे’ वाचला आणि पुढचं गिळलं. आपण ‘यावं लागेल बहुतेक’ म्हणतो तेव्हा कुणाचा गोंधळ होतो का?

आणि इथे ‘मस्ट’ने भागत नाही. प्रमाण इंग्रजीत ‘मस्ट’ दुसऱ्या मोडलच्या, म्हणजे ‘मे’, ‘विल’सारख्या सहायक क्रियापदाच्या, पाठीमागे बसतच नाही. ‘मे मस्ट’ नाही, ‘विल मस्ट’ही नाही. तिथे ‘हॅव टू’लाच बोलवावं लागतं. माझी मुलं दर बॅचला ‘आय विल मस्ट गो’ लिहितात, आणि तुम्ही म्हणता शिकवू नका!

सिंहगड_रोडवरून
मास्तरांशी सहमत. आमची सोसायटी नदीकाठी आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्यात ग्रुपवर टाकायला ‘यू मे हॅव टू व्हेकेट इफ द डिस्चार्ज गोज अप’ हेच योग्य. विसर्ग वाढला तर निघावं लागेल, तेव्हा औषधं, कागदपत्रं, चार्जर पिशवीत भरून ठेवा. आधीच ‘मस्ट व्हेकेट’ टाकलं आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या वेळी कुणी जिना उतरणार नाही.

हिंजवडीचा_हमाल
ताई, तुमच्या सूचनेत ‘विसर्ग वाढला तर’ आहे. आमच्या मेलमध्ये ‘तर’ कुठाय? कशावर अवलंबून, कोण ठरवणार, कधी कळवणार, कशाचाच पत्ता नाही.

टेस्टिंगवाली
बिनतोड. शिवाय आमच्या लाइनमध्ये १९९७ चा आरएफसी २११९, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तांत हे शब्द कसे वाचायचे ते ठरवणारा दस्त, डोक्यात बसलेला असतो. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडा, ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. त्यामुळे ‘मे’ दिसला की आम्ही निवांत. निम्मी टीम चुकली असं मी तरी म्हणणार नाही.

नारायणपेठी_मास्तर
ती व्याख्या तांत्रिक दस्तांपुरती हो, साहेबांच्या मेलला कशी लावणार? आणि हा प्रयोगच टाकून दिलात तर ‘कदाचित यावं लागणार नाही’ कसं सांगाल? त्याला ‘यू मे नॉट हॅव टू कम’च लागतं. ‘मस्ट नॉट कम’ लिहिलंत तर ती येण्याची बंदी झाली.

कोर्टाच्या_कामाने
शिवाजीनगर कोर्टात असतो म्हणून सांगतो. कायद्यातला नुसता ‘मे’सुद्धा संदर्भ पाहून न्यायालयांनी बंधनकारक ठरवलेला आहे. ‘मे’ दिसला म्हणजे सुटलो, हे डोक्यातून काढा.

हिंजवडीचा_हमाल
बरं, शिकवा. पण मास्तर, दरवेळी सोबत ‘इफ’ लिहायची सवय लावा. ‘यू मे हॅव टू कम इफ द बिल्ड फेल्स, आय विल कन्फर्म बाय फोर.’ एवढं असतं तर एकही माणूस चुकला नसता.

नारायणपेठी_मास्तर
मेलपुरतं मान्य. दरवेळी नाही. ‘ही माइट हॅव हॅड टू लीव अर्ली’, म्हणजे त्याला लवकर निघावं लागलं असेल. माणूस निघूनही गेला, आता तिथे कोणता ‘इफ’ लावू?